तुटलेली शिरोरेघ

आमच्या शाळेच्या वार्षिकांकाचे प्रकाशन होते. पाचवीतल्या एका मुलाला मी मुद्दाम वाचायला उभे केले होते. पोरगा वाचनात मागे; शाळा सुटल्यावर रोज अर्धा तास ओट्यावर बसवून मी त्याला वाचते केले होते. त्याने आपल्या वर्गाच्या वृत्तान्ताचे पान उघडले आणि खणखणीत आवाजात वाचले, “आमच्या वर्गाने नवरा... त्र...” मंडप खो खो हसला. पोराने अंक मिटला, खाली मान घालून जागेवर गेला, आणि पुढे महिनाभर वर्गात त्याने वाचायला तोंड उघडले नाही.

घरी येऊन मी ते पान पाहिले. शब्द ‘नवरात्र’च होता, पण ‘नवरा’ आणि ‘त्र’ यांच्यामध्ये शिरोरेघ तुटून पांढरी फट पडली होती. पोराने छापलेले होते तेच वाचले होते!

वाचकहो, ही फट आजची नाही. तिचे वय दोनशे वर्षांहून अधिक आहे.

आपल्या नगर जिल्ह्यातल्या नेवाशाला शके 1212 मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. ती लिहून घेणारे सच्चिदानंदबाबा. बोरूने लिहिणाऱ्याला फटीची चिंता नसते, कारण रेघ त्याच्याच हातात असते. मोडी लिहिणारे कारकून तर कागदावर आधी आडवी रेघ ओढून घेत आणि मग तिच्याखाली अक्षरे लटकवीत. म्हणजे आपले अक्षर हा सुटा मणी नव्हेच. दोरा आधी आणि मणी मागून. 1805 साली मिरजेला गीता छापली गेली ती तांब्याच्या पत्र्यावर कोरून. 1831 साली गणपत कृष्णाजींनी मुंबईत पंचांग छापले ते शिळाछापावर. या दोन्ही रीतींत अख्खे पान एकसंध उमटते. तिथे फट पडायला वावच नाही.

फट आली ती शिशाच्या खिळ्याबरोबर. सुटी अक्षरे जुळवून छापण्याची कला युरोपात वाढली ती रोमन लिपीसाठी. त्या लिपीत अक्षर शेजारच्याला न शिवता उभे राहते. आपल्याकडे मात्र प्रत्येक खिळ्यावरची रेघ थेट काठापर्यंत यावी लागते. खिळा जरा झिजला, काठ बोथट झाला, की रेघ तुटलीच. शिवाय वेलांट्या, मात्रा, उकार, जोडाक्षरे! खिळाजुळाऱ्यापुढे शेकडो घरांची केस मांडलेली असे.

या धडपडीत आपल्या नगरचाही धागा आहे. अमेरिकन मिशनचे ठाणे इथे 1831 साली पडले आणि 1842 साली ‘ज्ञानोदय’ इथूनच निघू लागला. याच मिशनच्या मुंबईतल्या छापखान्यात टॉमस ग्रॅहॅम याने देवनागरीचे सुबक ठसे कापले. त्याच छापखान्यात जावजी दादाजी हा गरीब घरचा पोर कामाला लागला आणि ही विद्या त्याने डोळ्यांनी टिपली. 1864 मध्ये त्याने स्वतःचा टाइप ओतण्याचा कारखाना काढला, 1869 मध्ये निर्णयसागर छापखाना. निर्णयसागरचा टाइप पुढे देशभर नावाजला.

मग संगणक आला आणि मौज अशी की, जुने दुखणे नव्या अंगात शिरले. सुरुवातीच्या फॉन्टमध्ये जागा होत्या 256, त्यातल्या पुष्कळ इंग्रजीने अडवलेल्या. म्हणून अक्षरांचे तुकडे केले गेले: ‘ग’ची अर्धी गाठ एका घरात, तिचा दंड दुसऱ्या घरात. पुन्हा खिळ्यांची केसच! अशा मजकुरात अक्षरांमधले अंतर थोडे वाढवले, की दंडच अक्षरापासून सुटा होई. आज युनिकोडमुळे अक्षर तरी अखंड साठवले जाते. पण पान लावणाऱ्या प्रणालीत अंतराची ती खुंटी अजून आहेच.

मी अंक घेऊन ज्या छापखान्यात पान लावले होते तिथे गेलो. तिथल्या तरुण मुलाने आढेवेढे न घेता फाइल उघडली. रकाना अरुंद, ओळ दोन्ही काठांना भिडवलेली; ती भरण्यासाठी यंत्राने शब्दांमधली जागा ताणली आणि पुरेना तेव्हा अक्षरांमधलीही. आम्ही अक्षरांमधल्या अंतराचे तिन्ही आकडे, किमान, इष्ट आणि कमाल, शून्यावर आणले. रेघ जुळली, पण आता शब्दांमध्ये खिंडारे पडली. मग रकाना रुंद केला आणि उजवा काठ मोकळा सोडला. मथळ्यातली अक्षरे शोभेसाठी इंग्रजी धर्तीवर विरळ केली होती, तीही जवळ आणली. एवढे करून पडद्यावर काही ठिकाणी केसाएवढी फट दिसतच होती. मुलाने अक्षर मोठे करून पाहिले, कागदावर नमुना काढला, फट नाहीशी! ती पडद्याची माया होती. पडद्यावर विसंबू नये, कागद पाहावा, एवढे मी त्या दिवशी शिकलो.

त्याने ते एक पान फुकट छापून दिले. दुसऱ्या दिवशी मी ते वर्गात त्या पोराच्या बाकावर ठेवले. जुने पानही शेजारी ठेवले आणि सगळ्या वर्गाला दोन्ही दाखवून म्हटले, “चूक कोणाची होती, सांगा.” पोरे पुढे वाकून फट शोधू लागली. तो मात्र नव्या पानावरच्या रेघेवरून सावकाश बोट फिरवीत होता. बोट ‘त्र’पर्यंत न अडखळता गेले, आणि मग हलक्या आवाजात का होईना, त्याने अख्खी ओळ वाचली.