बेचाळीस विरुद्ध एक्केचाळीस

२४ नोव्हेंबर २००९, सकाळ. ऑस्ट्रेलियात, कॅनबेराच्या संसद भवनात विरोधी लिबरल-नॅशनल आघाडीचे खासदार बंद दाराआड बसले आहेत. विषय एकच: कार्बन उत्सर्जनाला किंमत लावणारे विधेयक. मजूर सरकारच्या मंत्री पेनी वाँग आणि विरोधकांचे इयान मॅकफार्लेन यांनी वाटाघाटींतून समझोता आणला आहे. शेती वगळली, कोळसा खाणींची भरपाई वाढवली. बिनशर्त उद्दिष्ट काय, तर २००० च्या तुलनेत २०२० पर्यंत ५ टक्के कपात! त्याच वर्षी फेब्रुवारीत व्हिक्टोरियातल्या वणव्यांनी १७३ बळी घेतले होते. त्या देशाला हे फारच अपुरे. पण २००७ च्या निवडणुकीत दोन्ही पक्षांनी असाच कायदा करू म्हटले होते, आणि तो शब्द पाळण्याची संधी आता समोर होती.

रात्र. दिवसभर विरोधाची भाषणे झाली. तरीही नेते माल्कम टर्नबुल जाहीर करतात, बहुमत समझोत्याच्या बाजूने आहे.

२५ नोव्हेंबर. नेतेपद खुले करण्याचा प्रस्ताव ४८ विरुद्ध ३५ मतांनी पडतो.

२६ नोव्हेंबर. समझोत्याला विरोध म्हणून टोनी ॲबट, निक मिंचिन विरोधकांच्या छाया मंत्रिमंडळातून बाहेर.

३० नोव्हेंबर. नेतेपदासाठी मधला उमेदवार म्हणून जो हॉकी पुढे येतात आणि सुचवतात, ज्याने त्याने सदसद्विवेकाने मत द्यावे. पक्षाने दिलेल्या शब्दाची जबाबदारी अशी एकेकट्या खासदारावर ढकलणे मला अक्षम्य वाटते.

१ डिसेंबर, सकाळी ९. पुन्हा बैठक. पहिली फेरी: ॲबट ३५, टर्नबुल २६, हॉकी २३. हॉकी बाद. दुसरी फेरी: ॲबट ४२, टर्नबुल ४१. एका मतपत्रिकेवर नुसते ‘नाही’ लिहिलेले, ती रद्द. लिबरलांच्या दोन जागा त्या दिवशी रिकाम्या होत्या. पोटनिवडणूक चार दिवसांवर. लगेच गुप्त मतदान होऊन आघाडी विधेयकाच्या विरोधात जाते.

२ डिसेंबर. सिनेटमध्ये ३३ विरुद्ध ४१. जूडिथ ट्रोथ आणि सू बॉइस या दोन लिबरल सिनेटर पक्षादेश झुगारून सरकारबरोबर मत देतात. त्यांचे धाडस वाया जाते, कारण उद्दिष्ट तुटपुंजे म्हणून ग्रीन पक्षाचे पाचही सदस्य विरोधात उभे राहतात. ते पाच इकडे आले असते, तर ३८ विरुद्ध ३६ ने कायदा झाला असता. सरकारने सारी भिस्त लिबरलांवर ठेवली होती.

कोपनहेगनची जागतिक हवामान परिषद पाच दिवसांवर आली होती. पंतप्रधान केविन रड तिथे कायद्याविनाच गेले.