महासंगणकावरील कामांची रांग

वापरकर्ता समोर बसलेला नसतानाही संगणक जे काम आरंभापासून शेवटपर्यंत स्वतः पार पाडतो, त्याला ‘बॅच जॉब’ म्हणतात. ही पद्धत जुनी आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली बसविलेल्या सीडीसी-३६०० संगणकावर इतर संस्थांचीही आकडेमोड होत असे. छिद्रित कार्डांचा गठ्ठा जमा करायचा आणि पाळी आल्यावर निघालेला छापील निकाल न्यायचा, असा तेव्हाचा क्रम होता.

आज गठ्ठ्याची जागा छोट्या फाइलने घेतली आहे. राष्ट्रीय सुपरकम्प्युटिंग मोहिमेअंतर्गत पुण्याच्या ‘आयसर’मध्ये उभारलेला ‘परम ब्रह्म’ हा एकमेकांना जोडलेल्या अनेक संगणकांचा, म्हणजे ‘नोड’चा, संच आहे. अशा संचावर खाते असलेला संशोधक जुईनगरमधील घरातूनही सुरक्षित जोडणीद्वारे हवे तेव्हा काम धाडू शकतो. मात्र ‘हवे तेव्हा धाडणे’ म्हणजे ‘लगेच सुरू होणे’ नव्हे. किती नोड, किती स्मृती आणि किती वेळ लागेल, हे फाइलमध्ये आधी नोंदवावे लागते. ‘स्लर्म’सारखी नियोजक प्रणाली त्या कामाला क्रमांक देऊन रांगेत लावते. ज्याने अलीकडे यंत्र अधिक वापरले, त्याचा अग्रक्रम सहसा घटतो.

येथे वेळेचा अंदाज कळीचा ठरतो. समजा, ४० पैकी २८ नोड व्यग्र असून ते सहा तासांनी मोकळे होणार आहेत आणि रांगेत पहिल्या असलेल्या कामाला ३६ नोड हवे आहेत. मधल्या काळात १२ नोड रिकामे राहतील. मागे उभ्या असलेल्या आठ नोडांच्या कामाने चार तास मागितले असतील, तर नियोजक ते लगेच सुरू करतो. कारण पहिल्याला त्यामुळे विलंब होत नाही. त्याच कामासाठी कोणी ‘असू द्यावेत’ म्हणून २४ तास मागितले, तर त्याला ताटकळावे लागते. उलट मागणी फार कमी ठेवली, तर मुदत संपताच काम बंद केले जाते. मधले निष्कर्ष वेळोवेळी जतन केले नसतील, तर झालेली सारी आकडेमोड वाया जाते.

म्हणून आधी लहान चाचणी घेऊन प्रत्यक्ष लागणारा वेळ मोजावा आणि त्यात थोडी भर घालून मागणी करावी. सामायिक यंत्रावर नेमकी मागणी करणाऱ्याचे काम लवकर होते आणि इतरांचाही खोळंबा टळतो.