बॅटरीविना सौर पॅनेल : वीज गेली की छतावरील निर्मितीही बंद

नवी दिल्ली : दिल्ली आणि परिसरातील घरांच्या छतांवर बसवल्या जाणाऱ्या बहुतेक सौर संचांना बॅटरी नसते. दिवसा तयार होणारी वीज घरात वापरली जाते, उरलेली वितरण कंपनीच्या ग्रिडमध्ये जाते आणि रात्री ग्रिडमधूनच वीज घेतली जाते. या देवाणघेवाणीची नोंद नेट मीटरवर होते व शिल्लक युनिट पुढील देयकात वळते केले जातात. बॅटरीचे काम येथे ग्रिड करते, मात्र केवळ हिशेबापुरते.

वीजपुरवठा खंडित होताच हा फरक जाणवतो. भर दुपारी, कडक उन्हातही असा संच बंद पडतो. अनेक ग्राहकांना ही बाब संच बसवल्यानंतरच कळते. वस्तुतः तो बिघाड नसून सुरक्षेची तरतूद आहे. ग्रिडला जोडलेला इन्व्हर्टर ग्रिडच्या व्होल्टेज व वारंवारितेशी जुळवून घेत चालतो. ग्रिड बंद पडल्यास त्याने दोन सेकंदांच्या आत वीज सोडणे थांबवावे, असा केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१३च्या विनियमांचा दंडक आहे. अन्यथा वाहिनी बंद आहे असे समजून दुरुस्तीसाठी खांबावर चढलेल्या कर्मचाऱ्याच्या जिवावर बेतू शकते.

नोएडा, गुरुग्राममधील गृहसंकुलांत वेगळीच अडचण उद्भवते. वीज जाताच तेथे डिझेल जनित्र सुरू होते आणि सौर इन्व्हर्टर त्यालाच ग्रिड समजू शकतो. विजेची मागणी कमी असेल तर जादा सौरवीज उलट जनित्रात शिरून त्याचे नुकसान होते. त्यामुळे जनित्रासोबत संच चालवायचा असल्यास सौरनिर्मितीला मर्यादा घालणारे नियंत्रक उपकरण आवश्यक ठरते.

ग्रिड आणि बॅटरी दोन्ही नसताना पॅनेल चालवण्याचे परिचित उदाहरण म्हणजे सौर कृषिपंप. ढग आल्यावर पंप मंदावतो, पण दिवसभरात टाकी किंवा शेततळे भरले की काम भागते. घरातील पंखे, फ्रिज यांना असा चढउतार सोसत नाही. खंडित पुरवठ्यातही वीज हवी असल्यास हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी घ्यावी लागते. त्याने खर्च बराच वाढतो.

‘पंतप्रधान सूर्यघर : मोफत वीज योजने’त ३ किलोवॉट व त्याहून अधिक क्षमतेच्या घरगुती संचाला ७८ हजार रुपये केंद्रीय अनुदान मिळते. ते संचाच्या क्षमतेवर ठरते, बॅटरी घेतली म्हणून वाढत नाही. याशिवाय मार्च २०२४ मध्ये अधिसूचित झालेल्या दिल्लीच्या सौर धोरणात ३ किलोवॉटपर्यंतच्या घरगुती संचांसाठी प्रतियुनिट ३ रुपये निर्मिती प्रोत्साहन पाच वर्षांसाठी ठेवले आहे. ते प्रत्यक्ष तयार झालेल्या युनिटवर मोजले जाते. साहजिकच, दिवसा वीज गेल्यास बॅटरीविना संचाच्या मालकाची त्या काळातील बचत आणि प्रोत्साहनाची रक्कम दोन्ही बुडतात. नोएडा उत्तर प्रदेशात व गुरुग्राम हरियाणात असल्याने तेथे नेट मीटरिंगचे नियम त्या-त्या राज्याच्या वीज नियामक आयोगाचे लागू होतात.