गेशा, गेको, माइको, ओइरान: कोणाला काय म्हणायचं?

‘गेशा’ म्हटलं की आपल्याकडे अनेकजण डोळे मिचकावतात. मुळात ‘गेई’ म्हणजे कला आणि ‘शा’ म्हणजे व्यक्ती, म्हणजे सरळ अर्थ कलावंत. गंमत अशी, की सुरुवातीचे गेशा पुरुष होते. मैफलीत विनोद सांगून पाहुण्यांना हसवणारे. स्त्रिया या पेशात अठराव्या शतकात आल्या आणि पुढे शब्द त्यांचाच झाला.

क्योतोत मात्र ‘गेको’ म्हणतात. शिकाऊ मुलगी ती ‘माइको’, म्हणजे नाचणारी मुलगी. तिची कॉलर लाल, केसांत फुलं, आणि ‘ओबी’ या कमरपट्ट्याची टोकं पाठीवर लोंबणारी. साधारण विसाव्या वर्षी कॉलर पांढरी होते आणि ती गेको बनते. टोकियोत शिकाऊ मुलीला ‘हांग्योकू’, म्हणजे ‘अर्धं रत्न’ म्हणत. कारण निव्वळ हिशेबी: तिचा मेहनताना निम्मा! पूर्वी बैठकीचा वेळ उदबत्त्या जाळून मोजत, म्हणून बिदागीला ‘उदबत्तीचे पैसे’ असाही शब्द आहे.

‘ओइरान’ ही वेगळी. एदो, म्हणजे आजच्या टोकियोच्या योशिवारा वस्तीतली ती वरच्या दर्जाची गणिका. त्याआधीची सर्वोच्च पदवी ‘तायू’. ओइरान ओबीची गाठ पुढे बांधायची, गेशा मागे. गेशांनी गणिकांच्या धंद्यात पडू नये म्हणून योशिवारात १७७९ मध्ये त्यांच्या नोंदणीचं वेगळं कार्यालयच निघालं. १९५८ मध्ये वेश्याव्यवसायबंदी पूर्ण लागू झाली, तरी गेशांचा पेशा चालू राहिला.

मग बदनामी कुठून आली? दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैनिक कुठल्याही बाईला ‘गेशा गर्ल’ म्हणू लागले. पुढे १९९७ मध्ये आर्थर गोल्डन यांची कादंबरी गाजली. तिच्यासाठी माहिती देणाऱ्या क्योतोच्या माजी गेको मिनेको इवासाकी मात्र संतापल्या. त्यांनी गोल्डन यांच्यावर दावा लावला, तो २००३ मध्ये तडजोडीने मिटला. आपली बाजू त्यांनी स्वतःच्या आत्मचरित्रात मांडली.

गोव्याच्या वाचकांना हे नवं नाही. ‘कलावंतीण’ या शब्दातही कलाच आहे, पण लोकांनी तो टोमण्यासारखा वापरला. शेवटी त्या समाजाने ‘गोमंतक मराठा समाज’ हे नाव घेतलं. क्योतोतल्या बायकांनी नाव बदललं नाही. मात्र गिओनमध्ये भरदुपारी फोटोसाठी थांबणारी ‘माइको’ दिसली, तर ती बहुधा भाड्याचा किमोनो नेसलेली पर्यटक असते. खऱ्या माइकोला संध्याकाळी कामावर जायची घाई असते.