परवाना बापाचा, वय मुलाचे

दोन राज्यांमध्ये मनुष्यबळाच्या देवघेवीचे करारनामे होतात, तेव्हा मजुरीचा दर, कामाचे तास, प्रवासखर्च, निवासाची सोय, आजारपणातील हक्क आणि परत पाठवणीची मुदत यांविषयी त्यांत कलमामागून कलमे लिहिली जातात. परंतु ज्या माणसासाठी हा सारा मसुदा सिद्ध होतो त्याच्या घरी एखादे तेरा-चौदा वर्षांचे मूल असेल, आणि बापाच्या परवान्याची मुदत वाढेल तसतसे त्या मुलाचे वयही वाढत जाईल, ही साधी गोष्ट त्या कलमांत सहसा आढळत नाही. या विस्मरणाची किंमत कोणाला आणि कशी मोजावी लागते हे पाहावयाचे असेल, तर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील पश्चिम जर्मनीचे उदाहरण विशेष बोधप्रद आहे. कारण तेथे कायदा क्रूर नव्हता, राज्यकर्ते लोकशाहीवादी होते, शाळा सक्तीची आणि विनामूल्य होती, आणि तरीही परदेशी कामगारांच्या मुलामुलींची एक अख्खी पिढी शाळा व कारखाना यांच्या उंबरठ्यावर तिष्ठत राहिली.

महायुद्धानंतर दहा वर्षांच्या आत त्या देशाच्या उद्योगांनी अशी उचल घेतली की घरचे मनुष्यबळ पुरेनासे झाले. २० डिसेंबर १९५५ रोजी रोम येथे इटलीशी पहिला भरतीचा करार झाला. १९६० साली स्पेन व ग्रीस यांच्याशी झाला. आणि १९६१ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनची भिंत उभी राहून पूर्वेकडून येणाऱ्या जर्मनांचा ओघ एका रात्रीत आटला, त्यानंतर त्याच वर्षीच्या ३० ऑक्टोबरला तुर्कस्तानशीही करार झाला. पुढे मोरोक्को, पोर्तुगाल, ट्युनिशिया आणि १९६८ साली युगोस्लाव्हिया हे देश या मालिकेत आले. तुर्कस्तानशी झालेल्या मूळ करारात कामगाराच्या वास्तव्यावर दोन वर्षांची मर्यादा होती आणि कुटुंब आणण्याविषयीची तरतूद मुद्दाम गाळलेली होती. इस्तंबूलच्या भरती कचेरीत उमेदवाराचे दात, फुप्फुसे व हातपाय तपासले जात. मग आगगाडीने तो म्युनिकच्या अकराव्या फलाटावर उतरे, आणि फलाटाखालच्या युद्धकालीन तळघरात नावनिशी होऊन निरनिराळ्या शहरांच्या कारखान्यांकडे रवाना होई. दोन वर्षे राबावे, पैसा गाठीला बांधावा, आपल्या मुलखात परतावे आणि त्या जागी दुसऱ्याने यावे, असा तो हिशेब होता.

सप्टेंबर १९६४ मध्ये कोलोनच्या डॉइट्झ स्थानकावर आर्मांदो रोद्रिगेस द सा नावाचा एक पोर्तुगीज सुतार दहा लाखावा ‘पाहुणा कामगार’ (परदेशी कामगाराला तेव्हा असे म्हणत) म्हणून निवडला गेला. बँड वाजला, छायाचित्रे निघाली आणि त्याला एक मोपेड बक्षीस मिळाली. ते छायाचित्र जर्मनीच्या शालेय पुस्तकांतून व संग्रहालयांतून आजही दिसते. त्यात त्याच्या घरचे कोणी नाही. त्याची बायको आणि मुले पोर्तुगालातच राहिली होती. समारंभ घडवून आणणाऱ्यांच्या मनातील कामगाराची प्रतिमा नेमकी अशीच होती: एकटा, धडधाकट आणि परत जाणारा.

परंतु हा हिशेब प्रथम मोडला तो कामगारांनी नव्हे, मालकांनी. दोन वर्षे खपून शिकवून तयार केलेला माणूस घालवून पुन्हा नवख्याला शिकवीत बसणे त्यांना परवडेना. म्हणून त्यांच्याच आग्रहावरून १९६४ साली तुर्की करारातील दोन वर्षांची अट काढून टाकण्यात आली. मुदत वाढली तशी माणसे स्थिरावली, आणि माणसे स्थिरावली तशी मुले येऊ लागली. त्याच वर्षी निरनिराळ्या प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने परदेशी मुलांच्या शाळाप्रवेशाचा विचार केला आणि सक्तीच्या शिक्षणाचा नियम त्यांनाही लागू करण्याचे धोरण स्वीकारले. मात्र त्या धोरणाच्या पोटात एक द्वैत होते आणि ते पुढे १९७६ च्या परिषदेत स्पष्ट शब्दांत नमूद झाले: या मुलांना जर्मन शाळेत सामावून घ्यावयाचे, आणि त्याच वेळी स्वदेशी परतण्याची त्यांची पात्रताही राखावयाची. बव्हेरिया प्रांताने मातृभाषेत शिकवणारे निराळे वर्ग काढले, तर पश्चिम बर्लिनने जर्मन वर्गांतच परदेशी मुलांचे प्रमाण ठरवून दिले. एकाच वयाच्या दोन तुर्की मुलांना, ती कोणत्या शहरात राहतात एवढ्यावरून, दोन वेगवेगळ्या भविष्यांसाठी तयार केले जात होते. आणि त्यांपैकी कोणते भविष्य त्यांच्या वाट्याला येणार हे शिकवणाऱ्यालाही ठाऊक नव्हते.

२३ नोव्हेंबर १९७३ रोजी, खनिज तेलाच्या टंचाईचे निमित्त होऊन, चॅन्सेलर ब्रांट यांच्या सरकारने परदेशी कामगारांची भरती थांबवली. त्या वेळी देशात सुमारे २६ लाख परदेशी कामगार होते आणि त्यांत सुमारे सहा लाख तुर्की होते. भरती बंद केल्याने संख्या घटेल अशी अपेक्षा होती. घडले ते उलटच. आतापर्यंत कामगार मायदेशी जाऊन पुन्हा येऊ शकत असे, आता एकदा गेला की दार कायमचे मिटणार, हे ओळखून त्याने जाण्याचे रहित केले आणि बायकामुलांनाच बोलावून घेतले. त्यात १९७५ च्या आरंभी मुलांसाठी मिळणाऱ्या सरकारी भत्त्याची नवी पद्धत सुरू झाली: जर्मनीत राहणाऱ्या पहिल्या मुलामागे महिना ५० मार्क, दुसऱ्यामागे ७० आणि तिसऱ्यापासून पुढे १२०, मात्र तुर्कस्तानसारख्या देशात मागे राहिलेल्या मुलांसाठी त्याहून बरीच कमी रक्कम. आजी-आजोबांपाशी वाढत असलेली मुले अर्ध्या शाळेतून उचलून आणली गेली. त्यांत चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांची स्थिती सर्वांत अवघड होती. कारण हाउप्टशूले ही सामान्य शाळा साधारणतः नवव्या इयत्तेत संपत असे, आणि जी भाषा शिकण्यास चार वर्षे लागावीत ती शिकण्यास त्यांच्या हाती एखाददुसरेच वर्ष उरलेले असे.

येथे जर्मन शिक्षणपद्धतीचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेतले पाहिजे, कारण साऱ्या अनर्थाची गुरुकिल्ली तेथे आहे. त्या देशात त्या काळी शाळा संपल्यावर बहुसंख्य तरुण विद्यापीठात न जाता उमेदवारी करीत: एखाद्या कारखान्याशी, दुकानाशी वा कारागिराशी लेखी करार करून तीन वर्षे प्रत्यक्ष धंदा शिकावयाचा, आठवड्याचा एखादा दिवस व्यवसायशाळेत जाऊन त्यामागचे शास्त्र शिकावयाचे, आणि शेवटी परीक्षा देऊन त्या धंद्याचा दाखला मिळवावयाचा. हा दाखला नसलेला माणूस जन्मभर बिनकौशल्याचा मजूर. म्हणजे ज्या वयात आपल्याकडे शिक्षण आणि नोकरी या दोन निराळ्या वाटा समजल्या जातात, त्या वयात तेथे त्या एकाच दरवाजातून जातात. आणि उमेदवारी हीही कायद्याच्या दृष्टीने नोकरीच असल्यामुळे त्या दरवाजावर रोजगार कचेरीच्या परवान्याचे कुलूप होते.

भरतीबंदीनंतर वर्षभराने त्या कुलपाची किल्लीच काढून घेण्यात आली. ३० नोव्हेंबर १९७४ ही तारीख मुक्रर झाली, आणि तिच्यानंतर देशात आलेल्या कामगारांच्या पत्नींना व मुलांना प्रथमच कामावर लागण्याचा परवाना मिळणार नाही असा हुकूम निघाला. १९७७ साली ती तारीख ३१ डिसेंबर १९७६ पर्यंत पुढे सरकवण्यात आली, तत्त्व मात्र तेच राहिले. बापाचे वास्तव्य कायदेशीर, मुलाचे आगमन कायदेशीर, शाळेतील त्याची हजेरी तर सक्तीची. मात्र शाळा संपल्या दिवसापासून हात हलवण्यास मज्जाव. सोळा वर्षांखालील परदेशी मुलाला १९६५ च्या कायद्यानुसार वास्तव्याचा स्वतंत्र परवाना लागत नसे, तो सोळाव्या वर्षी लागू लागे. तेव्हा ज्या वाढदिवशी जर्मन सोबती उमेदवारीच्या कराराचा विचार करी, त्याच वाढदिवशी हा मुलगा परकीय नागरिकांच्या कचेरीत रांगेला उभा राही. प्रांतिक कायदा त्याला आठवड्यातून एक दिवस व्यवसायशाळेत बोलावी, आणि केंद्रीय हुकूम त्याला उरलेले दिवस रिकामे बसवी. ज्यांना बसवेना ती मुले चोरून, विना-परवाना, पडेल त्या मजुरीवर हॉटेलांच्या स्वयंपाकघरांत व बांधकामांवर राबली. मुलींच्या वाट्याला बहुधा धाकट्या भावंडांना सांभाळणे आणि आईच्या कामाच्या पाळीचे वेळापत्रक पाहून घर चालवणे आले.

अशा तुर्की मुलाच्याच गल्लीत राहणाऱ्या इटालियन कामगाराच्या मुलाची गोष्ट मात्र निराळी होती. युरोपीय आर्थिक समुदायाच्या १९६८ च्या नियमाने सदस्य देशांच्या कामगारांच्या एकवीस वर्षांखालील मुलांना कोणतेही काम धरण्याचा हक्क दिला होता, आणि सामान्य शिक्षण, उमेदवारी व धंदेशिक्षण या तिन्हींत त्यांना यजमान देशाच्या मुलांप्रमाणेच प्रवेश मिळावा असे स्पष्ट लिहिले होते. दोघांचे बाप एकाच यंत्राजवळ पाळीपाळीने उभे राहात, दोघांच्या वेतनातून सारखाच कर कापला जाई. पण एकाच्या बापाच्या देशाने त्या समुदायाच्या स्थापनेसाठी रोममध्ये केलेल्या तहामुळे एका मुलाला सुतारकी शिकता येई आणि दुसऱ्याला येत नसे.

सरकारच्या बाजूने जे म्हणता येण्याजोगे आहे तेही म्हटले पाहिजे. १९७५ साली देशातील बेकारांची संख्या दहा लाखांवर गेली होती, उमेदवारीच्या जागा जर्मन मुलांनाच अपुऱ्या पडत होत्या, आणि आपल्या नागरिकांना प्रथम काम द्यावे ही राज्यकर्त्यांची भूमिका अन्याय्य म्हणता येणार नाही. दोष होता तो या समजुतीत, की रोखून धरलेला मुलगा कंटाळून परत जाईल. जेथे त्याचा बाप होता, घर होते आणि जेथून परत जाण्यासाठी मागे काही उरले नव्हते, तेथून तो जाणार कोठे? तो राहिलाच, फक्त अडाणी राहिला.

हे सत्य सरकारदरबारी प्रथम स्वच्छ शब्दांत मांडले ते हाइन्झ क्यून यांनी. नॉर्थऱ्हाइन-वेस्टफालिया प्रांताचे हे माजी मुख्यमंत्री परदेशी कामगारांच्या प्रश्नासाठी नेमलेले पहिले केंद्रीय आयुक्त होते. सप्टेंबर १९७९ च्या आपल्या निवेदनात त्यांनी सांगितले, की ही माणसे प्रत्यक्षात स्थायिक झाली आहेत हे मान्य करा, त्यांच्या मुलांचे वेगळे वर्ग बंद करा, तरुणांना शिक्षण व रोजगार यांचा निर्वेध मार्ग मोकळा करा, आणि येथे जन्मलेल्यांना नागरिकत्वाचा पर्याय द्या. त्याच वर्षी मुक्रर तारखेची पद्धत रद्द होऊन तिच्या जागी प्रतीक्षेची मुदत आली: पत्नीला चार वर्षे, मुलांना दोन. दुसऱ्या वर्षी, शाळा अर्धवट सुटलेल्या परदेशी तरुणांसाठी भाषा आणि धंद्याची पूर्वतयारी यांचे वर्षभराचे सरकारी वर्ग निघाले. सप्टेंबर १९८० मध्ये तुर्कस्तान व युरोपीय समुदाय यांच्या संयुक्त मंडळाने ठरवले, की ज्या तुर्की मुलाने यजमान देशात धंदेशिक्षण पुरे केले आणि ज्याच्या आई वा बापाने तेथे तीन वर्षे रीतसर काम केले, त्याला कोणत्याही नोकरीसाठी पुढे येता यावे.

तथापि राज्ययंत्राची दिशा एका निवेदनाने वळत नसते. १९८१ च्या अखेरीस केंद्र सरकारने, बोलावून घ्यावयाच्या मुलांची वयोमर्यादा अठरावरून सोळावर आणावी, अशी शिफारस प्रांतांना केली; आणि १९८३ च्या कायद्याने परत जाण्यास तयार होणाऱ्या बेकार कामगाराला १०,५०० मार्क व प्रत्येक मुलामागे आणखी १,५०० मार्क देऊ केले. एका हाताने भाषेचे वर्ग उघडावयाचे आणि दुसऱ्या हाताने परतीच्या वाटेवर पैसे मोजावयाचे, असा हा दुहेरी कारभार बराच काळ चालला. १९८० च्या त्या ठरावाला पुरते बळ आले तेही लक्झेंबर्ग येथील युरोपीय न्यायालयाने नव्वदच्या दशकात, त्यातील हक्क व्यक्तीला थेट मागता येतात, असा निर्वाळा दिल्यानंतर. १९९१ पासून अमलात आलेल्या परकीय नागरिक कायद्याने, आठ वर्षे वास्तव्य व सहा वर्षे शाळा झालेल्या सोळा ते तेवीस वयाच्या तरुणांना नागरिकत्वाचा मार्ग सुकर केला. आणि १ जानेवारी २००० पासून दीर्घकाळ राहिलेल्या परदेशी पालकांच्या पोटी त्या भूमीवर जन्मणारे मूल जन्मतः जर्मन झाले. इटलीशी झालेल्या पहिल्या भरतीच्या करारापासून येथवर चव्वेचाळीस वर्षे लोटली होती, आणि १९७५ साली पंधरा वर्षांचा असलेला मुलगा चाळिशीचा झाला होता.

हा इतिहास मराठी वाचकाला केवळ कुतूहलाचा वाटू नये असे एक कारण अलीकडेच उत्पन्न झाले आहे. मुंबई व श्टुटगार्ट ही शहरे १९६८ पासून भगिनीशहरे आहेत. आणि ते श्टुटगार्ट ज्याची राजधानी आहे त्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी, जेथील मोटार कारखान्यांनी एके काळी इटली, तुर्कस्तान व युगोस्लाव्हियाचे मजूर बोलावले होते, महाराष्ट्र शासनाने २०२४ साली कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला आहे. काळ बदलला आहे, कायदाही बदलला आहे. २०२० पासून तेथे वास्तव्याचा परवाना असलेल्याला, कायद्याने स्पष्ट मनाई नसेल तर, काम करण्याची मुभा असते, आणि कुटुंबीयांनाही तिचा लाभ मिळतो. कायद्याचे कुलूप निघाले खरे, परंतु नवव्या इयत्तेच्या तोंडावर परक्या भाषेच्या वर्गात जाऊन बसणाऱ्या मुलाची अडचण अजून तीच आहे. तेव्हा नाशिकचा वा सांगलीचा वीजतंत्री ज्या दिवशी आपल्या परवान्यावर सही करील, त्या दिवशी त्याच्या मुलीचे वय किती आहे, ती कोणत्या इयत्तेत आहे, तिला भाषा शिकण्यास किती अवधी मिळणार आहे आणि तिच्या दाखल्याला तेथे कोणते मोल आहे, हे प्रश्न करार करणाऱ्यांनी आणि स्वतः त्या कामगारानेही वेतनाच्या आकड्याइतक्याच काटेकोरपणे विचारले पाहिजेत. बापाचा परवाना संपला तर नवा काढता येतो. पंधरा ते अठरा ही वर्षे एकदा वाट पाहण्यात गेली, की त्यांना मुदतवाढ देणारी कचेरी कोणत्याच राज्यात नाही.