बालरक्तकर्करोग : उपचारांचे बौद्धिक परिणाम
लहान मुलांत सर्वाधिक आढळणारा कर्करोग म्हणजे तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. रक्तातून दिलेली बरीचशी औषधे मेंदूपर्यंत पुरेशी पोहोचत नाहीत. तिथे दडलेल्या कर्कपेशींसाठी कण्यातील पाण्यात मेथोट्रेक्झेट हे औषध टोचतात. पूर्वी डोक्याला किरणोपचारही सर्रास देत. मुंबईत परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९८०च्या दशकात रुजलेल्या एमसीपी-८४१ या उपचारक्रमात दोन्ही होते. त्याने असंख्य मुले वाचली, हे आधी नोंदवले पाहिजे.

किरणांचा फटका मुख्यतः मेंदूतील श्वेतद्रव्याला बसतो. वय जितके कमी, तितका धोका अधिक. परिणाम बऱ्याचदा काही वर्षांनी, शाळेत दिसतो. पाढे पाठ असतात, पण तोंडी हिशेबात हातचा निसटतो. फळ्यावरचे उतरवून होण्याआधी फळा पुसला जातो. अशा मुलाला ‘आळशी’ म्हणणे सोपे, आणि बहुधा चूक.

आता किरणोपचार मोजक्याच रुग्णांना देतात. केवळ औषधोपचार मिळालेल्या मुलांत परिणाम सौम्य असतात, तरी एकाग्रता व कामाचा वेग कमी पडू शकतो. त्यामुळे उपचारानंतर बौद्धिक चाचणी, परीक्षेत जादा वेळ आणि शिक्षकांना पूर्वकल्पना देणे उपयुक्त ठरते.