इटालियन भाषेचा पहिला धडा

परभाषा शिकावयास वर्षें लागतात, असा आपला समज आहे. परंतु एका उन्हाळ्यांत नवशिक्यास ती बोलती करावयाची, असा उद्योग इटालियन भाषेपुरता तरी बराच जुना आहे. १९२१ सालीं मध्य इटलींतील पेरुजा या डोंगरी शहरांत आस्तोर्रे लुपात्तेल्ली या वकिलानें परकीयांसाठीं अभ्यासक्रम सुरू केला; १९२५ सालीं राजाज्ञेनें त्याचें विद्यापीठ झालें. १९३२ सालीं अमेरिकेंतील मिडलबरी कॉलेजानें इटालियनची उन्हाळी शाळा काढली. तेथील प्रतिज्ञा प्रसिद्धच आहे : सत्र संपेपर्यंत शिकावयाच्या भाषेखेरीज दुसरी भाषा बोलावयाची नाहीं, मग वर्ग असो वा जेवणाची पंगत.

मराठी माणसास या भाषेचे आरंभींचे पाठ फारसे जड नाहींत. आपण 'चांगला', 'चांगली' म्हणतों, तसें तेथें 'बुओनो', 'बुओना'. जोडाक्षरांचा कस मात्र लागतो. 'नोनो' म्हणजे नववा आणि 'नोन्नो' म्हणजे आजोबा!

खरा प्रश्न येतो तो समोरच्यास संबोधण्याचा. सलगीनें 'तू', आदरानें 'लेइ'. 'लेइ'चा मूळ अर्थ 'ती'. तरी तें पुरुषासही म्हणतात. आपल्याकडे 'सरकारांनीं बसावें' असें समोरच्यासच तृतीयपुरुषीं म्हणत, त्यांतलाच हा प्रकार. १९३८ सालीं मुसोलिनीच्या राजवटीनें 'लेइ' हें परकीय व दास्यसूचक ठरवून त्याऐवजीं 'व्होइ', म्हणजे 'तुम्ही', हें रूप पुढें केलें. 'लेइ' नांवाच्या एका स्त्रियांच्या मासिकानें तर आपलें नांवच बदलून 'आन्नाबेल्ला' केलें. वास्तविक तेथें त्या शब्दाचा अर्थ साधा 'ती' एवढाच होता. आदल्या उन्हाळ्यापर्यंत जी सभ्यता होती, ती सरकारी दृष्टीनें एकाएकीं दोष ठरली.

१९४३ सालीं ती राजवट कोसळली. दक्षिणेंत 'व्होइ' पूर्वींपासून रुळलेलें होतें, तें तेथें राहिलें; पण व्यवहाराच्या भाषेंत 'लेइ' परत आलें, आणि आज परकीय नवशिक्यास आदरार्थीं तेंच शिकवितात.

आज्ञेनें विद्यापीठ स्थापितां येतें. दोन माणसांनीं परस्परांस काय म्हणावें, हें मात्र आज्ञेनें फार दिवस चालत नाहीं. व्याकरण शिकविण्यांत आयुष्य घालविलेल्या माझ्यासारख्यास यांत मोठा दिलासा वाटतो. उन्हाळ्याच्या कांहीं आठवड्यांत सगळी भाषा येत नाहीं, हें खरें. परंतु परक्याच्या दारीं जाऊन त्यास आदरानें हाक मारतां आली, तर पहिला धडा पक्का झाला असें समजावें.